आधी घाट, मग लेन्स

जबलपुरात कुणी डीएसएलआर घेतोय असं कळलं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "कान्हाला जाणार वाटतं?" कान्हा इथून दीडशे किलोमीटरच्या पलीकडे, बांधवगड साधारण तेवढंच लांब, पेंचही गाठता येण्यासारखं. त्यामुळे आमच्या गावात कॅमेरा म्हणजे वाघ आणि वाघ म्हणजे हातभर लांब लेन्स, असं समीकरण होऊन बसलंय. मलाही जो तो निकॉनची २००-५०० घ्यायला सांगत होता. लेन्स उत्तमच आहे, वाद नाही. पण तिचं वजन सव्वादोन किलोच्या वर, आणि मी वर्षातून फार तर एकदा कान्हाला जाणारी बाई. नर्मदेवर मात्र मी जवळजवळ दर रविवारी असते. ग्वारीघाट तर शहरातच, तिलवारा घाट थोडा पुढे, भेडाघाट वीस-बावीस किलोमीटर. मग कॅमेरा वर्षातल्या एका सकाळीसाठी घ्यायचा, की बाकीच्या सगळ्या रविवारांसाठी?

हा प्रश्न मला मामाने घातला. आमचं घर तीन पिढ्यांपासून जबलपुरातलं. मामा गन कॅरेज फॅक्टरीत होता, आणि पगारातून पैसे साठवून त्याने फिल्मचा निकॉन घेतला होता. तो म्हणाला, "अगं, बॉडीचं नंतर बघू. तू उभी कुठे राहतेस ते आधी सांग."

याचं उत्तर शोधायला मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा कॅमेरा मागून आणला. त्याच्यावर नेहमीची १८-५५ किट लेन्स होती. थोडे दिवस घाटांवर फिरले, मग घरी कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोची माहिती उघडून तो किती मिलिमीटरवर काढलाय एवढंच बघितलं. आपण बघणारे कसे आहोत, हे या एका आकड्यातून कळतं. माझे फोटो दोन टोकांना गोळा झालेले होते, एक ढीग १८ वर आणि दुसरा ५५ वर. मधलं जवळजवळ ओसाड. १८ वरचे फोटो भेडाघाटचे, तिथे मला आणखी रुंद हवं होतं. ५५ वरचे ग्वारीघाटचे, तिथे मला आणखी जवळ जायचं होतं किंवा आणखी उजेड हवा होता. दुकानदार 'डबल झूम किट, वर बॅग आणि ट्रायपॉड फ्री' म्हणत समोर ठेवतो, त्यात माझ्या या दोन गरजांपैकी एकही धड भागणार नव्हती.

भेडाघाटला पंचवटी घाटावरून नाव निघते. थोडं आत गेलं की दोन्ही बाजूंनी संगमरवराचे कडे उभे राहतात, काही ठिकाणी शंभर फुटांच्या आसपास. बंदरकूदनीपाशी ते इतके जवळ येतात की माकडं इकडून तिकडे उडी मारायची म्हणे. नावाडी भैया वल्ही मारता मारता यमक जुळवून कॉमेंट्री करत असतो, बायकामाणसं हसत असतात, नाव डुलत असते. तिथे ट्रायपॉडचा काही उपयोग नाही आणि मागे सरकायला जागा नाही. हौशी वर्गातल्या डीएसएलआरचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो. निकॉनमध्ये दीड पटीचा हिशेब धरायचा, म्हणजे १८ ची लेन्स जुन्या २७ सारखी दिसते. कड्याचं टोक घेतलं तर पाणी सुटतं, पाणी घेतलं तर टोक कापलं जातं. ११ मिलिमीटरवर कॅमेरा उभा धरला की पाण्यातली सावली, कडा आणि वरची आभाळाची पट्टी एका चौकटीत मावते. फक्त कॅमेरा वर कलता कामा नये, नाहीतर दोन्ही कडे माथ्याशी एकमेकांवर पडायला आल्यासारखे दिसतात.

म्हणून यादीत पहिली आली टोकिना ११-१६, एफ २.८. सेकंडहँड मिळत होती, पण तिच्यात एक मेख होती. या लेन्सच्या निकॉनसाठी निघालेल्या पहिल्या आवृत्तीत फोकसची मोटर नाही. ती बॉडीतल्या मोटरवर चालते, आणि निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० अशा लहान बॉडींमध्ये ती मोटर नसते. लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. नेमकी हीच अट मामाच्या लेन्सलाही होती. त्याने फिल्मच्या काळातल्या कॅमेऱ्यावरची ५० मिलिमीटर एफ १.८ डी कपाटात जपून ठेवली होती आणि ती मला देऊ केली. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासून चालत आलाय, त्यामुळे ही लेन्स आजच्या डीएसएलआरवरही बसते. वजन दीडशे ग्रॅमच्या जरा वर, मुठीत मावेल एवढी.

अशा रीतीने लेन्सनीच बॉडी ठरवली. मोटर असलेली, बजेटमध्ये बसणारी म्हणजे डी७०००च्या घरातली. त्यातली २०१५ ची डी७२०० मी जुनी घेतली. गावातले लग्नाचे फोटोग्राफर एकेक करून मिररलेसकडे वळतायत, त्यामुळे चांगल्या डीएसएलआर बॉडी बाजारात येतात. निकॉन, कॅनन दोघांचंही लक्ष आता मिररलेसकडेच आहे. काहींना वाटतं, मग डीएसएलआर कशाला घ्यायचा? मला वाटतं, हौशी माणसाला घ्यायला हीच वेळ चांगली. पंचवीस वर्षांच्या लेन्स पडून आहेत, किमती उतरल्यात, आणि २४ मेगापिक्सेलचा सेन्सर अजूनही माझ्या भिंतीला आणि छापायच्या कागदाला पुरून उरतो. शिवाय आरशातून आलेला खरा उजेड डोळ्याला दिसतो, पडद्यावरचं चित्र नव्हे. मला नदी तशीच बघायला आवडते.

जुनी बॉडी आणि लेन्स घेताना मामा बरोबर आला होता. त्याने बरोबर एक छोटी टॉर्च आणली होती. लेन्स काढून दोन्ही टोकांनी तिच्यात उजेड सोडायचा आणि तिरक्या नजरेने बघायचं. बुरशी असेल तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. धूळ दिसली तर घाबरायचं नाही, धागे दिसले तर लेन्स परत ठेवायची. मग एफ १६ वर निरभ्र आभाळाचा फोटो काढला, कारण सेन्सरवरचे डाग तिथेच उघडे पडतात. शटर किती वेळा उडालाय याची नोंद फोटोच्या फाइलमध्येच असते, ती बघितली. या बॉडीचा शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेला असतो, आणि लग्नाच्या कॅमेऱ्याने त्यातला मोठा हिस्सा आधीच खाल्लेला असू शकतो. हे सगळं बघेपर्यंत विकणाऱ्या दादांनी चहा मागवला. ज्याचा माल चांगला असतो त्याला तपासणीचा राग येत नाही, असं मामा परतताना म्हणाला.

डी७२०० ला अंगठ्याशी एक आणि तर्जनीशी एक अशी दोन चाकं आहेत. लहान बॉडीला एकच असतं. दुकानात हा फरक क्षुल्लक वाटतो, घाटावर तो सारखा जाणवतो. कॅमेऱ्याचं मीटर सगळं जग मध्यम करडं धरून चालतं. पांढऱ्या संगमरवराने चौकट भरली की ते त्याचाही करडा दगड करून टाकतं, तेव्हा एक्स्पोजर थोडं वाढवावं लागतं. तीच घळ अर्धी सावलीत असली की उलटं होतं, सावली सांभाळायला जावं तर उन्हातला कडा कोऱ्या कागदासारखा पांढराफटक पडतो, तिथे कमी करावं लागतं. नाव पुढे सरकतेय, उजेड वळणागणिक बदलतोय, आणि मेनूत शिरायला वेळ नाही. दोन चाकं असली की एका हाताने काम होतं. याच कारणासाठी मी फोटो रॉमध्ये काढते, उडालेल्या पांढऱ्यातला थोडाफार तपशील त्यात परत आणता येतो.

मामाची ५० ची लेन्स ग्वारीघाटच्या संध्याकाळची. दीड पटीने ती ७५ सारखी होते, चेहऱ्यांसाठी अगदी योग्य. आरती सुरू होते तेव्हा उजेड असतो तो दिव्यांचा. एफ ५.६ वर जो फोटो सेकंदाच्या तेराव्या भागात निघेल, तो एफ १.८ वर सव्वाशेव्या भागात निघतो, कारण लेन्सचं मोठं झालेलं भोक जवळजवळ दहापट उजेड आत घेतं. तेराव्या भागात आरती फिरवणारा हात नुसता पट्टा होतो, सव्वाशेव्या भागात बोटं दिसतात. हा फरक आयएसओ वाढवून पूर्ण भरून निघत नाही. पण १.८ वर एका चेहऱ्यात डोळे स्पष्ट आणि कान धूसर अशी अवस्था होते, म्हणून मी बहुतेक वेळा २.२ किंवा २.५ वर थांबते.

घाटावर परिक्रमावासीही भेटतात, पांढऱ्या कपड्यातले, हातात काठी, पाठीवर झोळी. त्यात मराठी माणसं खूप असतात. 'नर्मदे हर' म्हटलं की पुढचं बोलणं मराठीतच होतं. या लोकांचे फोटो लांबून टिपू नयेत, असं माझं ठाम मत आहे. ५० ची लेन्स तुम्हाला माणसाच्या जवळ जायला लावते, आणि जवळ गेलं की विचारावंच लागतं. नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. अमृतलाल वेगड आमच्याच गावचे. त्यांनी पायी परिक्रमा करून नर्मदाकाठची माणसं रेखाटली, त्यांची कोलाज केली. ती चित्रं बघितली की कळतं, हा माणूस त्या लोकांबरोबर बसला होता.

हिवाळ्यात ग्वारीघाटावर कुरव येतात. गावातले सगळे त्यांना सायबेरियन पक्षी म्हणतात. थंडीत त्यांचं डोकं पांढरं असतं, फक्त डोळ्यामागे एक काळसर ठिपका, आणि परतीच्या दिवसांत हळूहळू डोकं गडद व्हायला लागतं. तो ठिपका नीट दिसावा म्हणून मी ७०-३०० घेतली, दीड पटीत ४५० पर्यंत जाणारी. पक्षी नावेच्या इतके जवळ घिरट्या घालतात की बऱ्याचदा ७० च पुरते. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर, फोकस सतत चालू, नऊ बिंदूंचा गट, आणि गडद पाण्यावर पक्षी पांढरा म्हणून एक्स्पोजर जरा खाली. एवढं जमलं की बाकी काम पक्षी करतात. लोक त्यांना शेव, फरसाण टाकतात, म्हणूनच ते एवढे जवळ येतात. मला ते बघवत नाही. तेलामिठाचं खाणं पक्ष्याला कसं मानवेल? मी ज्या नावेत असते त्या भैयाला आधीच सांगते, पाकीट नको. पक्षी थोडे लांब राहतात, म्हणून तर ३०० ची लेन्स घेतली.

धुआंधार धबधब्यापाशी मात्र कुठलीही लेन्स असो, लढाई तुषारांशी. चौकट लावून होईपर्यंत काच ओली. माझी बॉडी थोडंफार पाणी सोसते, पण लेन्स तशा नाहीत, आणि साखळीतला सर्वांत कच्चा दुवा धरूनच वागावं. दोन सुती फडकी, लेन्स खाली तोंड करून धरायची, फोटोपुरती वर. पोलरायझर तिथे हवाच, ओल्या खडकावरची चकाकी काढली की दगडाचा खरा रंग दिसतो. पण ऊन पाठीशी असताना तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं, ते पोलरायझर एका अंगाला फिरवला की साफ नाहीसं होतं आणि थोडं पुढे फिरवला की दुप्पट उजळून परत येतं. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा फोटो काढायचं राहून मी नुसती ती रिंग फिरवत बसले होते. पोलरायझर मी एकच घेतलाय, ७७ मिलिमीटरचा, टोकिनाच्या मापाचा. ७०-३०० चं तोंड ६७ चं, तिला स्टेप-अप रिंग लावली की तोच बसतो. प्रत्येक लेन्सला वेगळा फिल्टर घेण्यापेक्षा एक चांगला घ्यावा.

पावसाळ्यात नौकाविहार बंद, पाणी एवढं चढतं की धुआंधारचा धबधबा दिसेनासा होतो. तेव्हा सगळी सामग्री स्वयंपाकघरातल्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करून पुन्हा निळे करायचे. मामाची लेन्स इतकी वर्षं निर्मळ राहिली ती असल्याच निगुतीने.

आणि कान्हा? मागच्या खेपेला आतेभावाने पुण्याहून २००-५०० भाड्याने आणली होती. जिप्सीच्या दांड्यावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली. वाघ दिसला नाही. गवतात बारशिंगे होते, धुकं होतं, आणि ते फोटो मी ७०-३०० नेच काढले, कारण मला त्यांच्याभोवतीचं कुरणही हवं होतं.

सध्या नागपूरची भाची मागे लागलीये, "मावशी, मी कोणता घेऊ?" तिला मी मॉडेल सांगितलं नाही. मोबाइलमधले आवडते फोटो पाठव म्हटलं. तिने पाठवले ते सगळे घरातले: आजी भाजी निवडताना, खिडकीतलं मांजर, वर्गातल्या मैत्रिणी. एकही डोंगर नाही, एकही पक्षी नाही. तिच्यासाठी ३५ मिलिमीटर एफ १.८ ठरलीये. या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, त्यामुळे बॉडी हलकी डी५६०० चालेल. दिवाळीला ती जबलपूरला येतेय, तोवर मामा आणि मी एक जुनी बॉडी बघून ठेवतोय. टॉर्चचे सेल मामाने आत्ताच बदललेत.