मालमोटारीचा सारथी

महाभारतानें सारथ्याचा मोठा मान राखिला आहे. जयद्रथवधाच्या दिवसाची कथा वाचकांच्या स्मरणांत असेलच. सूर्यास्तापूर्वीं प्रतिज्ञा पुरी झाली नाहीं तर अर्जुनास अग्निकाष्ठें भक्षण करावयाचीं. एक घटकाहि गमावण्याची सोय नाहीं. तथापि घोडे थकलेले पाहून श्रीकृष्णानें भर रणांत रथ सोडला, त्यांच्या अंगांतले बाण काढले, त्यांस पाणी पाजलें, खरारा केला आणि मगच तो पुढें निघाला. प्रतिज्ञा मोठी खरी, परंतु ओढणाऱ्याचा दमहि तितकाच खरा, हा व्यवहार त्या सारथ्यास ठाऊक होता. आजच्या मालमोटारीची तऱ्हा उलटी आहे. तेल, पाणी, हवा हें सर्व गाडीला वेळच्या वेळीं मिळतें. दम मिळत नाहीं तो सारथ्यालाच.

आम्ही हें लिहितों तें रोह्याच्या अनुभवावरून. कुंडलिकेच्या कांठचें हें गांव मुंबई-गोवा महामार्गावर नाहीं. कोलाडच्या नाक्यावर वळून आंत यावें लागतें. वाटेंत धाटावची औद्योगिक वसाहत लागते. रासायनिक कारखान्यांची ही वसाहत असल्यामुळें परप्रांतीय क्रमांकांचे टँकर आणि मालमोटारी तेथें रस्त्याच्या कडेला रांगेनें उभ्या दिसतात. आम्हां सुशिक्षितांची या रांगेविषयीं तक्रार एकच : ती आमच्या वाटेंत येते.

गेल्या आषाढांत अशाच एका रांगेजवळच्या टपरीवर पाऊस थांबण्याची वाट पाहत असतां बीडकडच्या एका ड्रायव्हराशीं आमचें बोलणें झालें. "घाटांत फार हाल होत असतील, नाहीं?" असें आम्ही सहज विचारलें. तो हंसून म्हणाला, "घाट गाडी चढते, सर. गेटवर थांबावं लागतं ते मला." गाडी खाली होण्याचा त्याचा नंबर दोन दिवस लागला नव्हता. टायर फुटला, पाटा तुटला, तर मालकाला फोन करितां येतो. मालक शिव्या देतो, पण पैसेहि पाठवितो. थांबण्याबद्दल कोणाला फोन करावयाचा? पूर्वीं बरोबर क्लीनर असे. आतां मालकास तो परवडत नाहीं. गाडी सोडून दूर जावें तर डिझेलची चोरी होण्याची भीति. आंघोळ नळ सांपडेल तेथें, बाकीचे विधि आडोसा सांपडेल तेथें. आणि टँकरांत रसायन, म्हणून जवळपास स्टोव्ह पेटविण्याची सोय नाहीं. "या दोन दिवसांचें तुम्हांस काय मिळतें?" असें आम्ही विचारलें. तो म्हणाला, "फेरीचे पैसे मिळतात, सर. दिवसाचे नाहीत."

कायद्यानें या लोकांचा विचार केलाच नाहीं असें नाहीं. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमानें दिवसाचे ८ व आठवड्याचे ४८ तास अशी कामाची मर्यादा घालून दिली होती. परंतु तो लागू होता पांच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना. एकच गाडी बाळगणारा धनी त्यांतून सहज निसटे. पुढें हा अधिनियम २०२० च्या कामगार संहितेंत सामावला गेला, तरी अशा धन्याच्या ड्रायव्हराचें घड्याळ अद्यापि कोणी पाहत नाहीं. २०२५ सालीं नव्यानें तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनींत वातानुकूलन सक्तीचें झालें, हेंहि चांगलेंच. पण इंजिन बंद करून फाटकापुढें उभ्या राहिलेल्या गाडींत तो गार वारा यावयाचा कोठून?

शेजारच्या पेणचें उदाहरण घ्या. तेथील गणेशमूर्ति दूरदूरच्या गांवीं जातात त्या बहुतेक मालमोटारींतूनच. ज्याच्या रुंदीकरणास २०११ सालीं हात लागला त्या महामार्गाचे खड्डे चुकवीत, मूर्तीचा कानहि दुखावूं नये अशा बेतानें हा सारथी गणपति पोंचवितो. पुढें उत्सव आला कीं चाकरमान्यांची वाट मोकळी राहावी म्हणून त्याच मार्गावर जड वाहनांस कांहीं दिवस बंदी होते. बंदी योग्यच आहे. परंतु वाटेंत अडकलेल्या ड्रायव्हरानें ते दिवस कोठें व कशावर काढावयाचे, हा प्रश्न आरतीच्या गजरांत कोणास ऐकूं येत नाहीं.

आणि तरीहि या प्रश्नाचें अर्धें उत्तर आमच्या कोलाडलाच आहे. २६ जानेवारी १९९९ रोजीं कोंकण रेल्वेनें कोलाडपासून गोव्यांतील वेर्ण्यापर्यंत मालमोटारी वाघिणींवर चढवून नेण्यास आरंभ केला. भरलेली मोटार सपाट वाघिणीवर चढते आणि ४१७ किलोमीटरांची वाट आगगाडी चालते. ड्रायव्हर आपल्या केबिनींतच असतो, आणि डोळे मिटून असतो. या सोयीची वाखाणणी होते ती बहुधा डिझेल आणि रस्ता वांचतो म्हणून. एका मनुष्यास रात्रभर झोंप मिळते, ही गोष्ट तिच्या जमेंत शेवटीं लिहिली जाते, किंवा लिहिलीच जात नाहीं.

उरलेलें अर्धें उत्तर देण्यास रूळ घालावे लागणार नाहींत. फाटकाच्या आंत एक छप्पर, एक नळ, एक संडास आणि चार खाटा एवढी सोय कोणत्याहि कारखान्यास अवघड नाहीं. परंतु खरा उपाय याहूनहि साधा आहे. आज गाडी थांबविणाऱ्याला थांबविण्याचें कांहींच पडत नाहीं. म्हणून ती थांबते. थांबलेल्या प्रत्येक दिवसाचा दाम थांबविणाऱ्यानें ड्रायव्हराच्या हातीं मोजावयाचा, असें एकदां ठरलें कीं धाटावची ती रांग फार दिवस लांब राहणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.