ते पान फाड

मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता भेटतो ती नाशकातली द्वारका. वर उड्डाणपूल, खाली आपली माणसं. तिथल्या बारा सफाई कामगार बायांचं जगणं तीन वर्षं, दर तीन महिन्यांनी जाऊन लिहायचं, असं काम मला मिळालं होतं. संस्था मोठी. मी नुसता वहीवाला.

पहिल्या फेरीला बाराजणी भरभरून बोलल्या. तिसरीला सातच. संस्थेच्या कागदावर याला 'गळती' म्हणतात. जशा काही बाया म्हणजे नळाचं पाणी! साहेब म्हणाले, मानधन वाढवा. वाढवलं. दोघी आल्या, हो-नाही करून उठून गेल्या.

मग एक मावशी बोलली, "बाबा, तू येतो, इचारतो, लिहून नेतो. मागचं नेलेलं कुठं ठिवलं?"

मी गप्प. आपल्याला लिहून नेणारे काय कमी झाले?

पुढल्या खेपेला तिचंच बोलणं तिला वाचून दाखवलं. हसली. दोन चुका काढल्या. मुकादमाचं आलं तिथं मात्र थांबली.

"हे पान फाड."

नाव बदललंय, म्हटलं.

"नाव बदललं रे, पण त्या गल्लीत झाडू मारणारी मी एकलीच हाय ना?"

साहेब म्हणाले, माहिती नष्ट करता येत नाही. मित्रांनो, मी फाडलं. भांडण झालं, ते असो.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बाया हुडकून, त्यांना बोलतं करून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. तिथं बाई नावानिशी उभी आहे, आणि तशीच पाहिजे. १९३० च्या काळाराम सत्याग्रहात बायाही होत्या. किती नावं उरली? पण नाव कुठं लावायचं अन् कुठं झाकायचं, हे तिलाच विचारावं लागतं. दर फेरीला विचारावं लागतं. पहिल्या दिवशी घेतलेला अंगठा तीन वर्षं पुरत नाही.

नंतर मी प्रत्येकीला वही वाचून दाखवू लागलो. पाळी बघून जायचो. जयंतीला वहीविना गेलो, एका मयतीलाही गेलो. शेवटच्या फेरीला नऊजणी होत्या. मावशीनं फाटक्या पानाच्या जागी बोट ठेवलं.

"आता लिही. मी ते काम सोडलं."

तिघी परत आल्या नाहीत. दारावरनं जाताना जयभीम घालतो, त्याही घालतात. का, ते विचारत नाही.