पाटणचा पाऊस, आटपाडीचं मृगजळ

केरा आणि कोयनेच्या संगमावरचं पाटण मे महिन्यातही पुरतं वाळत नाही. नदीत धरणातून सोडलेलं पाणी वाहतं, काठाला ऊस हिरवा असतो आणि वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरत असतात. पश्चिमेचा वारा जूनमध्ये अरबी समुद्राची वाफ घेऊन इथे येतो, सह्याद्री चढताना गार होतो आणि कोयनानगरच्या परिसरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस ओततो. रिकामा झालेला हा वारा पुढे काय करतो ते बघायला मी पाटणहून आटपाडीला निघालो. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर, पण आटपाडीच्या वाट्याला पाऊस जेमतेम चार-पाचशे मिलिमीटर.

कऱ्हाडला कोयना कृष्णेला मिळते. तिथून कडेगाव, विटा करत जावं तसा ऊस विरळ होतो, विहिरी खोल जातात. डोंगर उतरणारी हवा दाबली जाते आणि तापते. कोरडी हवा हजार मीटर खाली आली तर सुमारे दहा अंशांनी. अशा हवेतले ढग विरतात. भिवघाट उतरलो तेव्हा दुपार कलायला लागली होती. दोन्हीकडे उघडा माळ, कुठे बाभळ, कुठे बोर. आणि समोर, सरळ डांबरी रस्त्यावर, पाणी.

समोरून येणारा ट्रक त्या पाण्यात उलटा दिसत होता. गाडी थांबवून मी फोटो काढला आणि फोटोतही पाणी आलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मृगजळाला आपण मनाचा भ्रम म्हणून टाकतो, पण कॅमेऱ्याला तहान लागत नाही. प्रकाश खरोखरच त्या वाटेने येतो. डांबराला टेकलेली हवा सर्वांत तापलेली आणि विरळ, तिच्यावरची थोडी गार आणि दाट. विरळ हवेत प्रकाश किंचित जास्त वेगाने जातो. आकाशातून जवळजवळ जमिनीला घासत येणाऱ्या किरणाची खालची कड त्यामुळे पुढे सरते आणि किरण वर वळतो. जोडीतला एक बैल पुढे ओढला की गाडी दुसऱ्याच्या अंगाला वळते, तसंच हे. तो किरण आपल्या डोळ्यात शिरतो, नजर मात्र त्याला सरळ रेषेत मागे नेते, आणि आभाळाचा तुकडा रस्त्यावर पडलेला दिसतो. तापलेली हवा सतत वर उसळत असल्याने तो लाटांसारखा हलतो.

मी रस्त्याकडेला उकिडवा बसलो तर पाणी जवळ आलं, उभा राहिलो तर लांब गेलं. किरण फार थोडा वळतो, एक अंशसुद्धा नाही. म्हणून नजर जमिनीशी अगदी निमुळता कोन करते तिथेच ते दिसतं आणि आपण चालू लागलो की तेही पुढे सरकतं. 1798 साली नेपोलियनच्या मोहिमेबरोबर इजिप्तला गेलेल्या गास्पार मोंज या गणितज्ञाने तहानलेल्या सैनिकांना फसवणाऱ्या अशाच पाण्याचं कारण मांडलं. वाळू, डांबर, काळा खडक, काहीही चालतं; जमीन तापलेली हवी.

माळावर मेंढरं राखणारे एक वयस्कर धनगर माझं हे उठणं-बसणं बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "पाव्हणं, कुठनं आलासा?"

"पाटणहून, बाबा."

"मग पाणी तिकडंच ऱ्हायलं की. हितं नुसतं ऊन पळतंय."

पाऊस सह्याद्रीवर का राहतो, हे सांगायला मला एवढ्या थोड्या शब्दांत जमलं नसतं.

आम्ही बोलत होतो तोवर पलीकडच्या नांगरटीवर वावटळ उठली. तापलेली हवा एका जागी झपाट्याने वर जाते, भोवतालची हवा ती जागा भरायला धावते, आणि तिच्यातली जराशी फिरकी मध्याकडे येताना आवळून वेगवान होते. धुळीचा खांब बांध ओलांडून गेला आणि विरला. ऊन उतरल्यावर पश्चिमेला वळवाचा ढग चढला. त्याच्या पोटातून करड्या सरी लोंबताना दिसत होत्या, पण खाली काहीच पोचलं नाही. वाटेतल्या कोरड्या हवेने थेंब पिऊन टाकले. त्या सुकण्याने गार आणि जड झालेली हवा मात्र खाली आदळली. आमच्यापर्यंत आला तो धुळीचा लोट. बाबा ढगाकडे बघतच राहिले. रस्त्यावरच्या पाण्याने त्यांना कधी फसवलं नसेल, पण या सरींनी दरवर्षी आशा लावली असणार.

आटपाडी तालुक्यात आता टेंभू योजनेचं पाणी येतं. कऱ्हाडच्या खाली, टेंभू गावापाशी कृष्णेवर बांध आहे. कोयना त्याआधीच कृष्णेत मिसळलेली असते. म्हणजे पाटणच्या डोंगरावर वाऱ्याने टाकून दिलेलं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून त्याच वाऱ्याच्या वाटेने पूर्वेला आणलं जातं. पुढे एका डाळिंबाच्या बागेशी मी पुन्हा वाकून पाहिलं. ओल्या वाफ्यांवरची हवा स्थिर होती. उन्हाची बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडत होती, जमीन तापत नव्हती. कुंपणापलीकडे, पाणी न पोचलेल्या पडीक माळावर, मृगजळ तसंच लकाकत होतं.