भिंतीपलीकडची झोप

परभणीतल्या आमच्या घराची उत्तरेकडची भिंत आमची एकट्याची नाही. ती निम्मी शेजाऱ्यांची आहे. चार इंची विटांची, दोन्ही अंगांनी गिलावा केलेली. आम्ही इकडे खिळा ठोकला की तिकडचे कॅलेंडर हलते. पलीकडे एस.टी.चे एक चालक राहतात. त्यांची गाडी रात्री बाराच्या सुमारास डेपोत लागते आणि सकाळी साडेसातला पुन्हा निघते. मधल्या वेळात मिळेल तेवढीच त्यांची झोप. ही झोप त्यांची एकट्याची मालमत्ता आहे असे मला कधी वाटले नाही. दुसऱ्या दिवशी जिंतूरच्या रस्त्याने त्यांच्या पाठीमागे बसणाऱ्या पन्नास माणसांचा तिच्यात वाटा असतो.

आणि याच भिंतीला लागून माझी आई पहाटे चारला ओव्या म्हणते.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिचे माहेर गंगाखेड तालुक्यातले, गोदाकाठचे. गंगाखेड हे जनाबाईचे जन्मगाव. त्यामुळे दळण आणि देव यांची फारकत तिकडच्या बायकांनी कधी केलीच नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा जाते अडगळीत गेले, पण ओव्या गळ्यात राहिल्या. गेल्या दिवाळीत तिने एक ओवी अर्ध्यावर सोडली आणि शांतपणे म्हणाली, "पुढचं आठवंना." त्या दोन शब्दांनी मी जागा झालो. ज्या ओव्या कागदावर कधी आल्याच नाहीत त्या आठवेनाशा झाल्या म्हणजे गेल्याच की! मी ठरवले, हिचा आवाज ध्वनिमुद्रित करायचा, आणि तोही लगेच.

हे काम माझ्या आधी फार मोठ्या प्रमाणावर झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी गावोगाव जाऊन त्यांतल्या कित्येकींचे आवाज टिपले. पण लाख ओव्यांत माझ्या आईच्या ओव्या नाहीत, आणि असत्या तरी तिच्या आवाजात नसत्या.

तुम्ही म्हणाल, मग दिवसा म्हणायला सांगा! सांगून पाहिले. आई फोटोला बसावे तशी बसली, पदर नीट केला आणि म्हणाली, "दिवसा ओव्या म्हणतंय का कुणी, बाबा? लोक काय म्हणतील!" तिचे खरेच होते. पहाटे मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात पडते, हात खुंट्यावर जातो आणि हाताच्या मागोमाग शब्द येतात. हात थांबला की शब्दही थांबतात. तेव्हा पहाट हवी, जाते हवे आणि शेजाऱ्यांची झोपही हवी, असा तिढा होता. रात्री दहा ते सकाळी सहा ही कायद्याने शांततेची वेळ. 2000 सालच्या नियमांत राहत्या वस्तीला त्या वेळी 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण माझे शेजारी कायद्याचे नाव काढणारे नव्हेत. ते तक्रारच करणार नाहीत, हीच तर माझी अडचण होती. भांडणाऱ्या शेजाऱ्याची सोय पाहणे सोपे असते.

आमचे गावाकडचे घर माळवदाचे होते. दोन हात रुंदीच्या मातीच्या भिंती, वर मातीचेच छप्पर. आत बाळंतीण ओरडली तरी वाड्यात कळायचे नाही. आवाज अडवायला वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले की पलीकडे जाणारा आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, असा साधारण हिशेब आहे. पुष्कळांची समजूत असते की भिंतींना गोधड्या टांगल्या की काम भागले. गोधडी करते ते काम वेगळेच. ती खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज पिते, त्यामुळे ध्वनिमुद्रण स्वच्छ येते. पण शेजाऱ्याच्या कानापर्यंत जाणारा आवाज तिच्यातून आरपार जातो. कापूस हलका पडतो. परभणीच्या माणसाने कापसाविषयी असे बोलणे बरे नव्हे, पण नाइलाज आहे.

वजनदार असे आमच्या घरात एकच होते : ज्वारी. शेतावरून आलेली 'परभणी मोती'ची नऊ पोती. हे वाण इथल्याच कृषी विद्यापीठाचे. ती पोती मी भिंतीला लागून उभी-आडवी रचली. दाराखालच्या फटीत ओले पोते कोंबले. कारण भिंतीच्या शंभराव्या हिश्शाएवढी जरी फट राहिली तरी ती भिंत 20 डेसिबलच्या वर काही अडवू शकत नाही, मग ती किल्ल्याची का असेना. जात्याची घरघर हवेतून थोडी आणि जमिनीतून फार जाते. तिच्यासाठी ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे आणि वर गोणपाटाच्या चार घड्या घातल्या.

परीक्षेसाठी मी आमच्या घरात रेडिओ लावला आणि पत्नीला शेजारी पाठवले. पोत्यांच्या आधी ती म्हणाली होती, "बातम्या सगळ्या कळतात." पोत्यांनंतर म्हणाली, "कुणीतरी बोलतंय एवढंच कळतं." यापरते यश मला नको होते.

राहिला आईचा आवाज. 1902 साली कलकत्त्याच्या एका हॉटेलात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून तारस्वरात गावे लागे. आमच्या गल्लीत ते यंत्र आले असते तर डेपोपर्यंतची माणसे उठून बसली असती. आताचा मायक्रोफोन वीतभर अंतरावर ठेवला की पुटपुटणेही पकडतो. अंतर निम्मे करा, आवाज 6 डेसिबलने वर येतो. मी आईला हळू म्हणायला सांगितले. ती म्हणाली, "असं चोरून म्हणायचं व्हय?"

या प्रश्नावर मी बरेच दिवस विचार करीत होतो. ओवी ही काही मैफलीतली चीज नव्हे. पाळण्यातले मूल उठू नये, सासऱ्याची झोप मोडू नये, अशा बेतानेच ती पिढ्यान्‌पिढ्या म्हटली गेली असणार. तेव्हा हळू आवाजाने ती खोटी होत नाही. पण माहेरच्या ओव्या आल्या, विशेषतः भावाच्या, की आईचा आवाज आपोआप चढतो. तिचा भाऊ जाऊन तीस वर्षे झाली. अशा वेळी मी हात वर करून तिला थांबवीत नाही. तेवढ्यापुरते जे काही व्हायचे ते ज्वारीच्या पोत्यांनी पाहावे.

एकदा शेजारीणबाई पत्नीला सांगत होत्या, "ह्यांनी पहाटे झोपेतच विचारलं, पाऊस सुरू झाला का?" मी ते वहीत टिपून ठेवले आहे. त्या पहाटेची तारीख पाहून मुद्रण पुन्हा ऐकले, तर भावाचीच ओवी निघाली. माणूस कूस बदलून पुन्हा झोपला, एवढ्यावर मी समाधान मानले.

आतापर्यंत एकशे बारा ओव्या झाल्या. अर्ध्यावर सोडलेली ती ओवी अजून आलेली नाही, आई म्हणते, "येईल, हात चालू द्या." मात्र ज्वारी खायची असते, नुसती रचून ठेवता येत नाही. श्रावणात एक पोते सोडले, पोळ्याला दुसरे, गणपतीत पाहुणे आले तेव्हा तिसरे. सहा उरली आहेत, आणि भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात एक मोकळी जागा दिसू लागली आहे. तिथे आता माझी जुनी पुस्तके लावतो आहे. ती वजनाला बरी भरतात.