थोरला आणि धाकटा

आपण काय करता, असे कोणी विचारले म्हणजे मी ‘बँकेत असतो’ एवढेच सांगून मोकळा होतो. ‘डेटाबेस सांभाळतो’ म्हटले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर एकदम सहानुभूती उमटते! यंदा मात्र या कामाची हकीगत सांगावीच म्हणतो. शेवटी तुमच्याआमच्या पासबुकाचाच प्रश्न आहे.

आमच्या सहकारी बँकेची सारी खाती पुण्यातल्या एका सर्व्हरवर आहेत. तिथे आग लागली, पाणी शिरले, तर? म्हणून गेल्या पावसाळ्यात नागपूरला दुसरा सर्व्हर उभा करण्याचे काम माझ्याकडे आले. इंग्रजीत त्यांना प्रायमरी आणि सेकंडरी म्हणतात. आमच्या खात्यात ते पहिल्या दिवसापासून थोरला आणि धाकटा!

ज्यांनी पेढीवरची कीर्द-खतावणी पाहिली असेल, त्यांना हा प्रकार चटकन समजेल. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस. कोणताही व्यवहार पक्का करण्यापूर्वी तो आधी कीर्दीत टिपतो, खतावणी मागाहून सावकाश. मध्येच वीज गेली, तरी कीर्द वाचून खतावणी पुन्हा जुळवता येते. २०१० साली ही कीर्द लिहिली जाताजाताच दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवत राहण्याची सोय झाली. तेव्हा करायचे एवढेच : पहिल्यांदा साऱ्या खतावणीची एक नक्कल नागपूरला न्यायची, कीर्द मागण्यासाठी धाकट्याला वेगळे नाव व परवलीचा शब्द द्यायचा, आणि ‘तू धाकटा आहेस’ हे कळावे म्हणून त्याच्या घरात एक फाईल ठेवायची. ही फाईल चक्क रिकामी असते. तिचे असणे हाच हुकूम! मग धाकटा कीर्द वाचत राहतो आणि आपली खतावणी भरत राहतो. विचारले तर उत्तर देतो, पण स्वतःच्या मनाने एक अक्षर लिहीत नाही. असा आज्ञाधारक भाऊ कोणत्या घरात मिळेल? अर्थात आज्ञाधारकपणालाही मर्यादा हवी. थोरल्यावर कोणी हजार खाती पुसली, तर हा पठ्ठ्या क्षणात आपलीही पुसून मोकळा होईल. म्हणून रोज रात्रीची वेगळी नक्कल आम्ही बंद केलेली नाही.

काम चार दिवसांत झाले. वाद मात्र महिनाभर चालला.

नागपूरहून ‘पोचले’ असा निरोप येईपर्यंत पुण्याने थांबावे का? थांबले तर एकही नोंद हरवत नाही, पण लाईन तुटली, की खिडकीपाशी उभा असलेला माणूस ताटकळतो. आम्ही न थांबण्याचे ठरवले. याचा अर्थ असा, की थोरला अचानक पडला तर अगदी शेवटच्या काही नोंदी त्याच्याबरोबरच जाणार. कोणाचा तरी पगार, कोणाच्या तरी मुलीची फी. त्यामुळे खरा प्रश्न उरला तो हा, की थोरला गेला, हे जाहीर करायचे कोणी?

आमच्या साहेबांचे म्हणणे, “अहो, यंत्र आहे ना! त्यालाच ठरवू द्या. थोरला बोलेना, की धाकटा गादीवर.”

मी त्यांना २०१८ सालची गिटहबची गोष्ट सांगितली. २१ ऑक्टोबरला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांच्या जाळ्यातला एक दुवा अवघे ४३ सेकंद तुटला. यंत्रांनी तत्परतेने पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व्हरांना गादी दिली. पण पूर्वेकडचे सर्व्हर काही मेले नव्हते. त्यांच्यापाशी पश्चिमेला न पोचलेल्या काही सेकंदांच्या नोंदी होत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी पडू लागल्या होत्या. हे निस्तरून सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. आपल्याकडे शाहू महाराज १७०७ साली सुटून आले आणि एका राज्याच्या दोन गाद्या झाल्या. सातारा-कोल्हापूरची सीमा ठरायला १७३१ सालचा वारणेचा तह लागला. तिथे चोवीस तास, इथे चोवीस वर्षे!

साहेबांना इतिहास पटला नाही. पटले ते आमच्या सौभाग्यवतींचे वाक्य. ती शाळेत मुख्याध्यापिका होती. जेवायला आलेल्या साहेबांना ती सहज म्हणाली, “एका वर्गाचे दोन हजेरीपट झाले, तर खरा कुठला म्हणायचा? आणि नागपूरला हाक ऐकू आली नाही, म्हणजे पुण्यात माणूस गेला असे थोडेच आहे?”

साहेबांनी दुसऱ्या दिवशी सही केली. आता रीत अशी : नागपूरची घंटा वाजली, की मला फोन. मी पुण्यात फोन करायचा. थोरला खरोखर पडला असेल, तर तो मध्येच उठून बसू नये म्हणून आधी त्याची वीज तोडायची, आणि मगच धाकट्याला गादी. सौभाग्यवतींना बिचारीला कल्पना नव्हती, की आपल्या वाक्याने नवऱ्याच्या उशाशी कायमचा फोन येणार आहे!

आतापर्यंत तीनदा फोन वाजला. तिसऱ्यांदा कोजागिरीला, गच्चीवर दूध आटत असताना. पुण्याच्या पहारेकऱ्याने तेवढ्या रात्री आत जाऊन पाहिले आणि सांगितले, “साहेब, दिवे तर सगळे लागलेत.” लाईनच तुटली होती. थोरला नोंदी घेत होता आणि धाकट्याच्या वाट्याची कीर्द राखून ठेवत होता. अकरा मिनिटांनी लाईन जोडली गेली. धाकट्याने साचलेली कीर्द भराभर वाचून काढली. शेवटची ओळ दोन्हीकडे एक आहे, हे पाहून मी वर गेलो, तेव्हा दुधावर साय धरली होती आणि चारोळ्या बहुतेक मुलांनी वेचून खाल्ल्या होत्या.