घरच्या बोलीतून इंग्रजीकडे

सातपुड्याच्या कुशीत वसलेले धडगाव हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण. आसपासच्या पाड्यांवरचे सहा वर्षांचे मूल प्रथम शाळेत येते, तेव्हा त्याच्या ओठांवर बहुधा पावरी किंवा भिलोरी असते. पाठ्यपुस्तक मराठीत असते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झाल्यामुळे तीही त्याच वर्षी पुढ्यात येते. अभ्यासक्रमाच्या लेखी इंग्रजी दुसरी भाषा; या मुलाच्या लेखी ती तिसरी.

असे मूल वर्गात गप्प बसले की त्याला 'मंद' ठरविण्याची घाई होते. वस्तुतः ते ऐकत असते. नवी भाषा शिकणारी अनेक बालके बोलण्यापूर्वी काही काळ केवळ श्रवण करतात. त्या मौनावर रागावले, तर मूल भाषेलाच भिऊ लागते आणि ती भीती पुढे वर्षानुवर्षे पुरते.

लिपीची अडचण निराळी. देवनागरीत 'क' सर्वत्र 'क'च राहतो. इंग्रजीतील 'सी' मात्र 'कॅट'मध्ये 'क' होतो आणि 'सिटी'मध्ये 'स'. अक्षरे 26, ध्वनी 40हून अधिक. म्हणून आधी कान तयार व्हावा, मग डोळा, शेवटी हात. उठणे, बसणे, देणे, घेणे यांचे इंग्रजी शब्द कृतीसह कानावर पडावेत. अक्षरओळख त्यानंतर यावी. तक्त्यावरच्या सफरचंदापेक्षा आंबा त्या मुलाच्या अधिक परिचयाचा. आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळताना त्याने पाहिल्या आहेत; 'मँगो' हा शब्द त्या ओळखीवर सहज बसतो.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला परिसरातील पाने, बिया, शंख-शिंपले हीच शिक्षणाची साधने मानली. नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी पावरीला वर्गात मानाचे स्थान दिले. संविधानाचा अनुच्छेद 350क हाही प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगतो. पावरी देवनागरीतही लिहिता येते. त्यामुळे घरच्या शब्दांतून शिकलेली अक्षरे मराठीला लगेच उपयोगी पडतात, आणि छापील खुणांमागे अर्थ असतो ही जाण इंग्रजीलाही.

धडगावचा हा प्रश्न शहरातील सुखवस्तू घरांनाही लागू आहे. आजी मारवाडी, गुजराती किंवा मराठी बोलते, आणि नातू इंग्रजी नर्सरीत जातो. 'त्याचे इंग्रजी बिघडेल' या धास्तीने आजीला गप्प केले जाते. हे उलटे आहे. ज्या मुलाने घरच्या भाषेत भरपूर गोष्टी ऐकल्या, प्रश्न विचारले, तर्क लढविले, त्याला इंग्रजीत केवळ नवे शब्द शिकायचे असतात. विचार करणे नव्याने शिकावे लागत नाही. पालकांनी आजीला रोज रात्री एक गोष्ट सांगू द्यावी, तिच्याच बोलीत. तीच गोष्ट चित्रांच्या इंग्रजी पुस्तकात सापडली तर उत्तमच. मूल ती ओळखेल आणि पुढचे पान स्वतः उलटेल.