एक तास पुढचं

आमच्या घरातलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढं असायचं. ते पुढं आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून मनातल्या मनात दहा वजा करून सगळे उशिराच निघत. आसामात डुमडुमाजवळच्या एका चहाबागेच्या कचेरीत भिंतीवरचं घड्याळ चक्क तासभर पुढं दिसलं, तेव्हा वाटलं, हे आपल्याच नात्यातलं!

पण तसं नव्हतं. डिसेंबर होता. मला आठला बोलावलेलं. माझ्या मनगटावर आठ, भिंतीवर नऊ. कारकुनानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. ‘बागान टाइम,’ तो म्हणाला. या दोन शब्दांत त्यानं मला तासभर उशिरा आलेला ठरवून टाकलं.

दिसायला घड्याळ साधंच. पांढरी तबकडी, ओलसर हवेनं काठाशी धुरकटलेली काच. तोरा मात्र जुन्या हेडक्लार्कचा: दिल्ली काहीही म्हणो, इथला हिशेब मी बघतो. ब्रिटिश मळेवाल्यांनी लावलेली ही रीत बऱ्याच बागांनी अजून सोडलेली नाही. आणि हिशेब मांडून पाहिला तर खोटं माझंच घड्याळ ठरतं. १९०६पासूनची आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटं लागतात. डुमडुमा तिथून तेरा अंश पूर्वेला, म्हणजे इथं सूर्य सरासरी ५२ मिनिटं आधीच माथ्यावर येतो. भिंतीवरचं घड्याळ सूर्याशी आठ मिनिटांनी चुकतं, माझं जवळजवळ तासानं. इथं जूनमध्ये सूर्य सव्वाचारच्या सुमाराला उगवतो आणि डिसेंबरात सव्वाचारच्याच सुमाराला मावळतो. उजेडावर पोट असलेल्यांनी मिर्झापूरची वाट का बघावी?

या घड्याळाचा एक भाऊ मी द्वारकेत पाहिला होता, मंदिराच्या वाटेवरच्या एका दुकानात. तो प्रमाणवेळेला चिकटून, एक मिनिट इकडेतिकडे नाही, आणि म्हणूनच त्याला कुणी विचारत नाही. द्वारका त्याच रेखांशाच्या साडेतेरा अंश पश्चिमेला. घड्याळात बारा वाजतात, पण गावाचे बारा वाजायला अजून ५४ मिनिटं असतात. एकच्या सुमाराला देवाचं दर्शन बंद होतं, दुकानाचं शटर अर्ध्यावर येतं, मालक गल्ल्यामागे आडवा होतो. वर पाहावं तर सूर्य नेमका डोक्यावर. त्या गावात मध्यान्ह देवाला आणि दुकानदाराला बरोबर कळते. घड्याळ बिचारं तासभर आधीच थकलेलं. डिसेंबरातही तिथं सव्वासहापर्यंत सूर्य समुद्रावर असतो. तोवर डुमडुमात रात्रीच्या भाताला आधण आलेलं असणार.

आपण मुंबईकरांनी या हट्टाला हसू नये. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ आपण १९५५पर्यंत धरून ठेवला होता. आसामचं म्हणणं तर त्याहून रास्त. २०१४मध्ये मुख्यमंत्री तरुण गोगोई यांनी बागानची वेळ साऱ्या राज्याला लावायचं बोलून दाखवलं. २०१८मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी देशाला दोन वेळा सुचवल्या. दोन वेळांच्या सीमेवर रेल्वेचा घोटाळा होईल, ही धास्ती जुनीच. देशाची वेळ एकच राहिली.

मी कचेरीतून निघालो तेव्हा भिंतीवर पाच झाले होते. कारकुनानं टेबलाला कुलूप लावलं, खिशातून मोबाइल काढला; त्यात चार. त्याची गावाकडे जाणारी बस साडेचारची होती. पाचला सुटून साडेचारची बस पकडायला तो सावकाश चालत निघाला.